टोलेडोची जीप, नाशिकचं डिझेल



गेल्या महिन्यात भावाचा गावाहून फोन आला. "ताई, आप्पांच्या जीपचं पासिंग आलंय. आणखी पाच वर्षांसाठी करून घेऊ, भंगारात देऊ, की तू तिकडे घेऊन जातेस?" शेवटचं तो हसतहसत म्हणाला, पण माझ्या डोक्यात तेच राहिलं.

जीप १९९१ सालची. महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, फोर बाय फोर. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, गाडी अजून चालते. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अशी एखादी गाडी उभी असेल! आणि फोनवर हाच प्रश्न कितीजणांना आला असेल! उत्तर द्यायच्या आधी मी या गाडीचं मूळ शोधत गेले. ते सापडलं आमच्या मिशिगनमधल्या घरापासून फारसं लांब नसलेल्या गावात, ओहायोतल्या टोलेडोमध्ये. आज ती गोष्ट सांगते, आणि भावाला काय उत्तर दिलं तेही.

१९४० च्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटलं होतं. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. जुलैमध्ये १३५ कंपन्यांना विचारणा झाली आणि नमुना द्यायला मुदत होती फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम या छोट्या कंपनीने सप्टेंबरमध्ये नमुना हजर केला. पण बॅन्टमचा कारखाना लहान, त्यामुळे मोठी कामं गेली टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे. विलिसचे मुख्य अभियंता होते बार्नी रूस. त्यांच्या हाताखाली तयार झालेलं ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन ही त्या गाडीची खरी ताकद होती. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बाहेर पडल्या.

त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये हिंदुस्थानच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते कैलासचंद्र महिंद्रा. बार्नी रूस यांची आणि त्यांची तिथेच ओळख झाली. आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांना ही गाडी उपयोगी पडेल, हे त्यांच्या मनात बसलं. २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी सुरू झाली. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये विलिसच्या जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि माझगावात जोडल्या गेल्या. म्हणजे सुरुवातीला आपल्याकडे फक्त पाने फिरत होते, गाडी टोलेडोचीच होती.

पुढे विलिसने सीजे-३बी नावाचं मॉडेल काढलं. त्याचं इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच झालं. जुन्या चित्रपटांतला फौजदार ज्या उंच नाकाच्या जीपमधून उतरतो, तीच ही. टोलेडोत हे मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात बनलं, सुमारे दीड लाख गाड्या निघाल्या आणि अमेरिकेपुरता तो विषय संपला. अमेरिकी गिऱ्हाइकाला लांब, मऊ, आरामशीर गाडी हवी होती. आपल्याकडे मात्र त्याच वंशातली जीप पुढे कित्येक दशकं बनत राहिली. का? मला वाटतं, या सगळ्या कथेचं उत्तर या प्रश्नात आहे.

पहिलं कारण डिझेल. सीजे-३बी पेट्रोल प्यायची, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं. डिझेलवर ट्रक, एसटी आणि शेतीचे पंप चालतात, म्हणून सरकारने डिझेलची किंमत दाबून ठेवली. हे नियंत्रण ऑक्टोबर २०१४ पर्यंत या ना त्या रूपात टिकलं. महिंद्राकडे 'इंटरनॅशनल' ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतंच. सत्तरच्या दशकात ते जीपमध्ये बसवलं गेलं. ट्रॅक्टरचं इंजिन, त्यामुळे घरघर आणि हादरे दोन्ही भरपूर! मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार झाला. २,११२ सीसीचं हे इंजिन पुढे एमएम ५४० मध्ये आलं. घाटमाथ्यावर इगतपुरीत इंजिनांचा कारखाना उभा राहिला, नाशिकला गाड्यांचा. डिझेल इंजिनाचं काळीज म्हणजे इंजेक्टर आणि नोझल, आणि ते नाशिकच्याच सातपूरमध्ये मायको कंपनी बनवत होती. ती आज बॉश या नावाने ओळखली जाते, पण नाशिकचा रिक्षावाला अजूनही 'मायको सर्कल'च म्हणतो.

दुसरं कारण दुरुस्तीचं. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, म्हणजे प्लग आणि कॉइल आले. त्या जुन्या डिझेल इंजिनाला हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेलचा फवारा मारायचा, एवढंच लागे. सकाळी हीटर प्लगने थोडी ऊब द्यायची, पुढचं सगळं यंत्राचं. बिघाड झाला तर डोळ्यांना दिसायचा, कानाला ऐकू यायचा. पांढरा धूर, काळा धूर, निळा धूर, प्रत्येकाचा अर्थ मिस्त्रीला पाठ. त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक स्टँडाजवळ जीप खोलणारा माणूस तयार झाला. कराड-साताऱ्याकडे कमांडर जीप वडापला लागल्या. आत दहा आणि मागे लोंबकळणारे चार, असे वर्षानुवर्षं धावल्या. साखर कारखान्याचा शेती अधिकारी, तहसीलदार, वनखातं, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे तीच गाडी. गाड्या जास्त, म्हणून सुटे भाग स्वस्त. भाग स्वस्त, म्हणून दुरुस्ती परवडणारी. दुरुस्ती परवडते, म्हणून गाडी टिकाऊ. हे चक्र टोलेडोत बसलं नाही, ते आपल्याकडे बसलं.

आप्पांकडे एक वही होती. दर पाच हजार किलोमीटरला इंजिन ऑइल आणि फिल्टर, आणि पावसाळा संपला की पाट्यांना, किंगपिनला आणि क्रॉसला ग्रीस, अशा नोंदी. मधेच एक ओळ, '२००४, इंजिन बोअर केलं'. त्यांचा एक नियम वहीत नव्हता, पण आम्हा भावंडांना पाठ होता. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावायचं नाही. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुरीमध्ये डिफरन्शिअल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि तो पीळ गिअरबॉक्सच्या दातांवर येतो. चिखलात चाकं थोडी घसरतात, पीळ सुटतो, म्हणून तिथे चालतं. पण महिन्यातून एकदा ओढ्याकाठी नेऊन ते आवर्जून लावायचे, नाहीतर आतले भाग कोरडे पडतात.

एकदा गव्हाच्या पेरणीच्या दिवसांत टाकीतलं डिझेल संपलं आणि नवं टाकूनही गाडी चालू होईना. पाइपात हवा शिरली होती. आप्पांनी मला बॅटरी धरायला लावली, फिल्टरवरचा बारीक स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला सुरुवात केली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. तेव्हा स्क्रू आवळला. "हवा काढल्याशिवाय डिझेल पुढे सरकत नाही," एवढंच म्हणाले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

आता गोष्ट परत अमेरिकेत आणते. इथे मोटारींत डिझेल कधीच रुजलं नाही, आणि तेही इतिहासामुळेच. सत्तरच्या तेलसंकटानंतर जनरल मोटर्सने १९७८ मध्ये ओल्ड्समोबाइल गाड्यांत डिझेल व्ही-८ आणलं. पेट्रोल इंजिनाच्या मुशीतून निघालेल्या त्या इंजिनाला डिझेलचा प्रचंड दाब सोसला नाही. हेडचे बोल्ट सुटायचे, आणि इंधनातलं पाणी वेगळं करणारी बाटलीच बसवलेली नव्हती. दोष डिझेलचा नव्हता, पण बदनाम झालं डिझेल. १९८१ मध्ये इथल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ६ टक्के डिझेलवर होत्या, पुढे तो आकडा कोसळला. त्यात केंद्राचा कर डिझेलवर गॅलनमागे २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४ सेंट. आपल्याकडे सरकारने जे इंधन स्वस्त ठेवलं, तेच इथे महाग. मग २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. धुराची चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती सभ्य वागायची. जीप ग्रँड चेरोकी आणि रॅम १५०० या २०१४ ते २०१६ च्या डिझेल गाड्यांवरही असाच ठपका आला, आणि २०१९ मध्ये एक लाखाहून जास्त गाड्यांसाठी तडजोड झाली. तुमच्याकडे त्यातली एखादी असेल, तर गाडीचा व्हीआयएन क्रमांक कंपनीला देऊन राहिलेली दुरुस्ती आहे का ते विचारा.

इथली नवी डिझेल गाडी आप्पांच्या जीपहून फार वेगळी असते. २००६ पासून इथल्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. धुरातली काजळी गाळायला एक फिल्टर असतो आणि नायट्रोजनचे वायू मारायला युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, लागतं. फक्त मुलांना शाळेत सोडायला आणि किराणा आणायला गाडी वापरली, तर तो फिल्टर तापतच नाही आणि काजळीने तुंबतो. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास न थांबता चालवा. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं, म्हणून मिनेसोटा किंवा मिशिगनमध्ये पहिल्या मोठ्या थंडीआधी टाकी हिवाळी डिझेलने भरून ठेवा. ती अर्धी रिकामी ठेवू नका, आत बाष्पाचं पाणी होतं. फिल्टरखालच्या बाटलीतलं पाणी वेळच्या वेळी काढा. ओल्ड्समोबाइलने पाणी वेगळं केलं नाही आणि सगळ्या इंधनाचं नाव घालवलं, हे विसरू नका.

आता या इतिहासातली गंमत. २०१८ मध्ये डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये महिंद्राने 'रॉक्सर' नावाची गाडी बांधायला सुरुवात केली. सुटे भाग भारतातून यायचे आणि जोडणी मिशिगनमध्ये व्हायची. १९४९ मध्ये पेट्या टोलेडोहून मुंबईला गेल्या होत्या, ६९ वर्षांनी त्या उलट्या दिशेने आल्या! आत अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ६२ अश्वशक्ती, म्हणजे युद्धातल्या जीपपेक्षा फक्त दोन जास्त. वेग ताशी ४५ मैलांवर रोखलेला, आणि गाडी शेतात, रानात चालवायची, हायवेवर नाही. ऑबर्न हिल्समध्येच ज्यांचं ठाणं आहे त्या क्रायस्लरवाल्यांना, म्हणजे जीप या नावाच्या तेव्हाच्या मालकांना, ती फार ओळखीची वाटली. त्यांनी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की हा आमच्या जीपचा चेहरा आहे. जून २०२० मध्ये आयोगाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. महिंद्राने तोंडवळा बदलला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी नव्या रूपाला मोकळीक मिळाली. मुलगी सासरी सत्तर वर्षं नांदली आणि माहेरी आली, तर माहेरच्यांनी दारातच तिला नाव बदलायला लावलं, असं काहीसं.

मग भावाचा प्रश्न. जीप इथे आणता येते का? येते. १९८८ च्या कायद्यापासून नियम असा आहे, की बनावटीला २५ वर्षं पूर्ण झाली की सुरक्षेच्या केंद्रीय मानकांतून गाडीला सूट मिळते, आणि धुराच्या नियमांतून २१ वर्षांनी, मात्र इंजिन मूळ स्वरूपात हवं. आपल्याकडे कितीतरी जीपमध्ये मधल्या काळात दुसरंच इंजिन बसलेलं असतं, ते आधी तपासा. तुमच्या राज्याचं नोंदणी कार्यालय काय म्हणतं तेही आधीच विचारा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात नियम जास्त कडक आहेत. याच हिशेबाने २००० सालच्या पहिल्या बोलेरोही आता २५ वर्षांच्या झाल्यात. आणि एक अट मला वाचताना टोचली. गाडीच्या खालच्या बाजूला परदेशी माती चालत नाही. कीड आणि रोग येऊ नयेत म्हणून वाफेने धुऊन, चकचकीत करूनच पाठवायची. म्हणजे कृष्णाकाठची इतक्या वर्षांची काळी माती बंदरात धुऊन टाकायची.

मी दोन रात्री हिशेब मांडला. मग लक्षात आलं, अडचण पैशाची नव्हतीच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्यात विरघळून चॅसिसच्या सांध्यात शिरतं आणि लोखंड खातं. कराडच्या चिखलाने त्या गाडीला एवढ्या वर्षांत जेवढं गंजवलं नाही, तेवढं इथले तीन हिवाळे गंजवतील. आणि समजा गॅरेजमध्ये झाकून ठेवली, तर नोझल तपासायला कुणाकडे नेऊ? पाट्याचं एक पान तुटलं तर? धूर बघून आजार सांगणारा मिस्त्री मी कंटेनरमध्ये भरून आणू शकत नाही. सीजे-३बी टोलेडोत संपली आणि महाराष्ट्रात जगली, त्याचं कारण लोखंडात नव्हतं. तिला ओळखणारे हात तिथे होते. मग आज त्या हातांपासून तिला तोडून मी तिला वाचवते आहे असं कसं म्हणू?

भावाला सांगितलं, पासिंग करून घे. १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं, तेव्हापासून हा खर्च बोचतो. यापुढे त्यातला निम्मा मी देणार. त्याबदल्यात दोन गोष्टी मागितल्या. एक, गाडी शेडमध्ये पूजेला ठेवायची नाही, आठवड्यातून एकदा चालवायची, कारण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. दोन, आप्पांच्या वहीत पुढच्या नोंदी त्याच्या मुलाने लिहायच्या. हवा काढायची रीतही त्यानेच शिकायची, मिस्त्रीच्या हाताखाली उभं राहून. तो म्हणाला, "आणि तुझं काय?" मी म्हटलं, माझ्या गाडीचीही आता वही आहे. माझी मुलगी परवा बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसत होती, तेव्हा बॅटरी मी धरली होती.

मंडळी, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर विकायची की ठेवायची हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ठरवायच्या आधी फोन करून विचारा, तिला कोण ओळखतं? मिस्त्री आहे का, भाग मिळतात का, चालवणारं कुणी आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर गाडी तिथेच राहू द्या. 'नाही' असेल, तर ज्याच्याकडे तिन्ही आहेत अशा माणसाला द्या. देताना वहीही द्या.

आणि कधी ओहायोतून गेलात, तर टोलेडोत थांबा. जुना कारखाना पाडला, पण त्याची विटांची एक उंच चिमणी अजून उभी आहे, अंगावर 'ओव्हरलँड' अशी अक्षरं आहेत. मुलांना ती दाखवा आणि सांगा, आजोबांची जीप इथून निघाली होती.

पुढच्या भागात भेटू. गाडी जपून चालवा. नमस्कार.